मागच्या दाराची पेटी

माणसाला अग्नीचा शोध लागला आणि तो जनावरांपासून वेगळा झाला, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्या शोधाचं पुढे काय झालं हे ज्याला पाहायचं असेल त्याने सुताराच्या घरी सकाळी सात वाजता यावं. सतरा दिवसांच्या पावसाने भिजलेली लाकडं चुलीत घालून सुतारीण फुंकणीने फुंकत बसलेली असे, आणि घरातून असा काही धूर निघत असे की जनावरं आपण होऊनच वेगळी होत.

पूल खचल्यापासून गॅसची गाडी नदीपलीकडेच थांबत होती. रिकामी टाकी कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर ओली फडकी वाळत घातलेली असत, म्हणजे नुसती घातलेली असत.

उजेडाचा प्रश्न मात्र या घरात फार पूर्वीच सुटला होता. तो सासऱ्यांनी सोडवला होता. चाळीस वर्षं त्यांनी लाकडाच्या वखारीवर राखणदारी केली होती. कंदिलाची वात किती खाली घेतली की मालकाला राखणदार जागा वाटतो आणि राखणदाराला झोपही लागते, याचा त्यांचा दांडगा अभ्यास होता. घरी बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीच्या भिंतीत वीतभर भोक पाडलं आणि त्या भोकात एकच दिवा बसवला. अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. बटण त्यांच्या खाटेच्या उशाशी. त्यांचं वर्तमानपत्र वाचून झालं की दोन्हीकडे अंधार होई, मग सुतारीण डाळ निवडत असो नाहीतर विळीवर बसलेली असो.

"मामंजी, दिवा."

"कशाला?"

"डाळीतले खडे दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे नसतील."

मग ती बोटांनी खडे शोधी. अकरा वर्षांत तिची बोटं त्या कामात इतकी तयार झाली होती की बियाण्यांच्या शेडवरच्या मुकादमबाईंनी तिला आपणहून कामाला येतेस का विचारलं होतं.

ही शेड रस्त्याच्या टोकाला होती. तीस बाया लांब टेबलांशी बसून चांगलं बी आणि किडकं बी वेगळं करायच्या. दहा ते पाच. सुतारीण तिथे एकदाच गेली होती, नवऱ्याने टेबलाचा पाय बसवला तेव्हा त्याची विसरलेली पटाशी द्यायला. त्या शेडला आठ खिडक्या होत्या. तिने मोजल्या होत्या. बाया बी निवडत होत्या आणि मधूनच मान वर करून खिडकीतून बाहेर बघत होत्या, आणि कोणीही त्यांना "बाहेर काय आहे?" असं विचारत नव्हतं. एक जागा रिकामी होती. खिडकीजवळची.

तिने जेवण वाढताना हे काढलं.

"मुकादमबाई विचारत होत्या. सोमवारपासून ये म्हणतात."

सुताराने घास गिळला. तो हातात कसब असलेला, स्वभावाने गरीब आणि कामाला सावकाश माणूस होता. गावात त्याला 'परवा' म्हणत, कारण कोणतीही वस्तू केव्हा मिळेल याचं त्याच्याकडे ते एकच उत्तर होतं. वस्तू मिळे तेव्हा मात्र ती नातवंडांपर्यंत टिके.

"जा की," तो म्हणाला. "पण मग चुलीशी कोण?"

"सकाळी करून ठेवीन."

"ही लाकडं अडीच तास घेतात," खाटेवरून सासरे म्हणाले. "शिवाय मला गार अन्न चालत नाही. पोटात वायू धरतो."

वायू त्यांना गरम अन्नानेही धरत असे, पण त्याला ते ढेकर म्हणत.

त्याच आठवड्यात शाळेच्या पडवीत बचतवाल्या बाई आल्या. त्या कुठल्याशा ऑफिसातून आल्या होत्या आणि पूल चालत ओलांडून आल्यामुळे त्यांचे बूट हातात होते. त्यांनी एक पुठ्ठ्याचा खोका आणला होता. त्यात गवत दाबून भरलेलं, मधोमध पातेल्याएवढी जागा, वर जुन्या गोधडीची उशी. त्यांनी डाळ-तांदळाला चुलीवर दणदणीत उकळी आणली, दहा मिनिटं रटरटू दिलं, पातेलं झाकणासकट खोक्यात ठेवलं, वर उशी दाबली आणि विजेच्या बचतीवर तीन तास बोलल्या. बाया उठून जात नव्हत्या, कारण खोक्यात काय होतंय ते पाहायचं होतं. तीन तासांनी झाकण काढलं तर वाफ निघाली. डाळ बोटाने मोडत होती.

"आणि या तीन तासांत मी काय केलं?" बाईंनी विचारलं.

"बोललात," शिंपीण म्हणाली. ही सुतारणीची शेजारीण. ती वर्षभर शेडवर जात होती आणि त्या दिवशी खाडा करून आली होती.

"म्हणजे मोकळी होते. विस्तव नाही, लक्ष द्यायला नको. घरात कोणी नसलं तरी हा खोका शिजवतो."

सुतारीण घरी आली ती जवळजवळ पळतच. नवरा ओसरीवर रंधा घासत बसला होता. तिने सगळं सांगितलं. सकाळी नऊला उकळी, साडेनऊला खोक्यात, एकला मामंजींना गरम. पुठ्ठ्याचा खोका किराणावाल्याकडे मागितला की मिळेल.

सुताराने रंधा खाली ठेवला.

"सुताराच्या घरात पुठ्ठा?"

"अहो, कामाशी काम."

"उद्या लोक येतील, म्हणतील याला साधी पेटी जमली नाही, वाण्याकडून खोका आणला." त्याने पेन्सिल कानावरून काढली. "मी करतो. अशी करतो की सकाळी ठेवलेलं संध्याकाळी चटका देईल."

"सोमवारच्या आत?"

"परवा."

तो बुधवार होता. शुक्रवारी तिने विचारलं. वखारीतलं सगळं लाकूड ओलं आहे, असं तो म्हणाला, ओल्या लाकडाची पेटी म्हणजे आठ दिवसांत फटी, आणि फट म्हणजे ऊब गेली. हे खरं होतं. त्याचं सगळं खरंच असे, पंचाईत तीच होती. शनिवारी ती किराणावाल्याकडून गुपचूप एक खोका घेऊन आली. रात्री पावसाचं पाणी घरात आलं आणि सकाळी खोक्याचा लगदा झाला. सुतार त्याला पायाने हलवून म्हणाला, "बघ."

रविवारी दुपारी ती गोठेवाल्याकडे कोरडं गवत मागायला गेली. भारा डोक्यावर घेऊन परसातून आली तर स्वयंपाकघर नेहमीपेक्षा मोठं वाटलं. उजेडही बराच होता. भारा खाली टाकल्यावर तिच्या लक्षात आलं की मागचं दार नाही.

नुसती चौकट उभी होती. चौकटीच्या आत, जमिनीवर, नवरा गुडघे टेकून एका पेटीवर हात फिरवत होता.

पेटी देखणी होती, यात वाद नाही. कडेला कड अशी बसलेली की नख जाऊ नये. एकही खिळा नाही, सगळे खाचेत खाच घालून केलेले सांधे. झाकणाला दाराच्याच बिजागऱ्या आणि पुढे दाराचीच कडी. रंगावरून कळत होतं, झाकणाच्या मधोमध अकरा वर्षं तिच्या हाताने दार ढकलून पडलेला तेलकट डागसुद्धा तसाच होता.

"अहो, दार?"

"तीस वर्षं वाळलेलं लाकूड," सुतार म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "घरात याच्यापेक्षा कोरडं काही नव्हतं. आधी डोक्यात कसं आलं नाही तेच कळत नाही."

"आणि घर उघडं?"

"नवीन दार करतो की."

ती 'कधी' म्हणाली नाही. त्यानेच सांगितलं.

सोमवारी तिने साडेआठला उकळी आणली. धुराने डोळे सुजले, पण हे शेवटचं, असं म्हणून तिने फुंकलं. पातेलं पेटीत उतरवलं, गवत दाबलं, गोधडीची उशी घातली, झाकण लावलं. झाकण बसताना हलकासा हवेचा उसासा झाला. सव्वानऊ. घरात कधी नव्हे ते कामच उरलं नाही. तिने केस विंचरले, चप्पल घातली, आणि चौकटीतून एक कुत्रं आत आलं.

कुत्र्याने पेटीचा वास घेतला, एक गिरकी मारली आणि झाकणावर बसलं. झाकण किंचित कोमट असावं.

तिने त्याला हाकललं आणि खाटेशी गेली.

"मामंजी, एवढं लक्ष ठेवाल? मागे दार नाहीये."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "चाळीस वर्षं लोकांच्या दाराशी बसलो," ते म्हणाले. "आता स्वतःच्या घरात तेच करू? आणि तेही दार नसलेल्या दाराशी?"

"मोरीत तांब्याची भांडी आहेत. धान्य आहे."

"म्हणून तर म्हणतो, घर सोडू नये." आणि ते चौकात निघून गेले. तिथे त्यांच्याच वयाची माणसं बाकावर बसून रस्त्याची राखण करत.

नवरा शाळेचे बाक दुरुस्त करायला गेला होता. तिने शिंपिणीला हाक मारली. शिंपीण डबा घेऊन निघालीच होती.

"मी कशी लक्ष ठेवू, सुतारीणबाई? मी पण तिकडेच चाललेय. चला ना."

"दार नाहीये गं."

"कुठे गेलं?"

"त्यात भात ठेवलाय."

शिंपिणीने चौकटीतून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मुकादमबाईंना सांगते, पोट बिघडलंय म्हणून. ते त्यांना पटेल."

सुतारीण पेटीवर बसली. समोर उघडी चौकट, बाहेर पाऊस. एक वाजता पेटी उघडली तेव्हा वाफेने तिचा चेहरा ओला झाला. दाणा न् दाणा मोकळा होता. सासरे जेवले, दुसऱ्यांदा घेतलं.

"चूल नाही, धूर नाही," ते म्हणाले. "मग दिवसभर तू करतेस तरी काय?"

मंगळवारी पेटीची कीर्ती पसरली. दार नसल्यामुळे लोकांना दार वाजवायची गरज पडली नाही. परसातून बायका यायच्या, "ही का ती?" म्हणायच्या आणि कोणी अडवायच्या आत झाकण उचलून बघायच्या. सुतारीण म्हणे, "उघडू नका, ऊब जाते," आणि प्रत्येकजण म्हणे, "नाही नाही, जरासंच." अकरा जणींनी जरासंच पाहिलं. एक वाजता तांदूळ दाताखाली कचकच वाजला. सासऱ्यांनी ताट सरकवलं.

संध्याकाळी सुताराने मागच्या दाराचं जुनं कुलूप शोधून काढलं, त्याला तेल दिलं आणि पेटीच्या कडीत घातलं. आता त्या घरात कुलूप लावण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

"किल्ली तुझ्याजवळच ठेव," तो मोठ्या मनाने म्हणाला.

बुधवारी बचतवाल्या बाई स्वतः आल्या. सोबत एक फोटो काढणारा होता आणि एक वहीत लिहिणारा. त्यांनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सुताराची पाठ थोपटली. भिंतीतला दिवा दिसल्यावर तर त्यांना भरूनच आलं. सासऱ्यांनी बटण दाबून दाखवलं आणि लगेच बंद केलं.

"आणि या ताई," बाई म्हणाल्या, "आता दिवसभर मोकळ्या. हो ना ताई? दोन शब्द सांगा."

सुतारीण चौकटीला टेकून उभी होती. पाठीवर पावसाचे तुषार येत होते.

"मी सोमवारपासून घराबाहेर पडले नाही," ती म्हणाली.

"बघा. लाकडाला जावं लागलं नाही," बाई वहीवाल्याला म्हणाल्या. "लिहून घ्या."

"मागून वारा येतो सारखा."

"हवा खेळती आहे. तेही लिहा."

जाताना त्यांनी कौतुक म्हणून एक नवा कमी विजेचा दिवा दिला. सासऱ्यांनी तो खोक्यातच ठेवला. वापरला तर जुना होईल.

त्यांच्या मागोमाग शिंपीण आली. मुकादमबाईंनी सांगितलं होतं, तीन दिवस पोट बिघडलेलं असेल तर बाईला दवाखान्यात न्या; उद्या दहाला आली तर जागा तिची, नाहीतर दुसरी बघते.

रात्री सुतारणीने नवऱ्यासमोर बसून सांगितलं, "पेटी मोडा. दार करा."

सुताराने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरातलं एखादं माणूस मोडायला सांगितलं होतं.

"फोटो काढून नेलाय त्यांनी."

"फोटो राहील की."

"खाचेतली खाच आहे ती. मोडली तर फळ्या फुटतील. ना दार होईल ना पेटी." त्याने पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग समजुतीच्या स्वरात म्हणाला, "माझं ऐक. परवा वखारीत—"

ती उठून गेली.

गुरुवारी पहाटेच तिने पटाशी घेतली आणि पेटीच्या सांध्यात घालून पाहिली. पटाशी वाकली, पण सांधा हलला नाही. तिचा नवरा खरोखर फार चांगला सुतार होता. मग तिने विचार करणं सोडलं. सात वाजता चूल, साडेआठला उकळी, नऊला पातेलं पेटीत. आपली खाट तिने उभी करून चौकटीत अडकवली, भिंतीतल्या खुंटीला दोरीने बांधली, फटींत गवताच्या पेंढ्या कोंबल्या आणि वरून ताडपत्री टाकली. स्वयंपाकघर काळोखलं. भिंतीतल्या दिव्याचा तेवढा अर्धा उजेड होता. ती कुलूप हातात घेऊन कडी चाचपतेय तोच तो गेला.

"मामंजी, दिवा. एक मिनिट."

"दिवस आहे," पलीकडून आवाज आला.

तिने अंधारात कडीत कुलूप घातलं, किल्ली फिरवून काढली, सवयीने कमरेला खोचली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. रस्त्यावर पाऊस बारीक झाला होता. ती चालली नाही, पळाली.

दहाला पाच मिनिटं होती. मुकादमबाईंनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं. केसात गवताची काडी होती.

"पोट?"

"बरं आहे."

"बस."

खिडकीजवळची जागा. टेबलावर बियांचा ढीग, डावीकडे चांगलं, उजवीकडे किडकं. पहिल्या मुठीपासून तिची बोटं चालायला लागली, तिला सांगावं लागलं नाही. अर्ध्या तासाने मुकादमबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, उजवीकडच्या ढिगातलं एक बी उचललं, फोडून पाहिलं आणि पुढे गेल्या. पलीकडून शिंपिणीने डोळा घातला. एक बाई मुकादमबाईंच्या चालण्याची नक्कल करत होती. सुतारीण हसली आणि आपल्याच हसण्याने दचकली. मग तिने मान वर केली. खिडकीतून समोरचं एक झाड दिसत होतं आणि झाडाखाली भिजणारी एक सायकल. तिने दोन्हींकडे पुष्कळ वेळ पाहिलं. तेवढ्या वेळात तिच्या उजव्या ढिगात एकही चांगलं बी पडलं नाही.

सव्वा वाजता शेडच्या दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला. तीस माना वळल्या.

सासरे उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, छत्रीची एक काडी निखळलेली.

"किल्ली," ते म्हणाले.

कोणालाच काही कळलं नाही. मुकादमबाई पुढे झाल्या. "कसली किल्ली, आजोबा?"

"भाताची."

आधी कोपऱ्यातून कोणीतरी फुसकन हसलं, मग सगळं टेबल हललं. सुतारणीचं तोंड कानापर्यंत तापलं. तिने कमरेची किल्ली काढून पुढे केली.

"हे घ्या मामंजी. कुलपात घालून उजवीकडे फिरवायची. वरची उशी काढा, आत पातेलं आहे."

सासऱ्यांनी किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही.

"आणि वाढणार कोण?"

"नवरा येईल तुमचा, म्हणजे, मुलगा येईल—" ती चाचरली, आणि हसू दुप्पट झालं.

"तो शाळेतच जेवला. आणि मी इकडे आलोय, म्हणजे घर उघडं आहे," सासरे म्हणाले. "पुढचं दार लोटून आलो. मागची खाट वाऱ्याने मघाशीच पडली. कुत्रं आत आहे."

मुकादमबाईंनी सुतारणीकडे पाहिलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही घर होतं.

"जा तू," त्या म्हणाल्या. "आज जा. पण ही जागा मी उद्या भरते. ज्या बाईला न्यायला घर मागे येतं, तिच्या जागेवर माझं बी पडून राहतं."

सुतारणीने निवडलेलं बी पिशवीत भरलं, किडकं टोपलीत टाकलं, टेबल हाताने पुसलं. शिंपीण खाली मान घालून निवडत राहिली.

वाटेत सासरे पुढे आणि ती मागे. ती भिजत होती, छत्री एकाच माणसापुरती होती. सासरे म्हणाले, "आठ खिडक्या आहेत त्यांना. दिवसा दिवे लावावे लागत नसतील."

घरी खाट आडवी पडली होती, ताडपत्री परसात गेली होती, आणि कुत्रं पेटीच्या झाकणावर झोपलं होतं. तिने त्याला उठवलं. उघड्या चौकटीतून आता भरपूर उजेड येत होता. किल्ली पुढे करून ती वाकली.

कुलूप कडीत नुसतंच अडकवलेलं होतं, सकाळी अंधारात ते लागलंच नव्हतं. भात चांगला शिजला होता.